कल्पना चौदा, खातेवही एकही नाही

प्रश्न : महोदय, मी नंदनवन भागात राहते. सहा वर्षांपासून घरूनच सांडगी मिरची, पापड, कुरडया, मूगवड्या आणि सावजी मसाला तयार करून विकते. दोन बाया मदतीला आहेत. गेल्या वर्षी मी लहान व्यावसायिकांच्या एका गटाची सभासद झाले. दर बुधवारी सकाळी साडेसातला धरमपेठेत बैठक असते. चाळीसेक जण येतात, प्रत्येक जण एक मिनिट बोलतो आणि विक्री, जाहिरात, व्यक्तिमत्त्व विकास यांबद्दलच्या कल्पना सगळे एकमेकांना सांगतात. वर्षाची वर्गणी १२ हजार रुपये आहे. दहा महिन्यांत मी त्यांतल्या चौदा कल्पना करून पाहिल्या. रील्स केल्या, ‘दोनवर एक मोफत’ ही योजना घरून आणि दोन दुकानांतूनही दिली, नवे लेबल छापले, स्वस्तातले दुसऱ्या प्रतीचे पाकीट काढले, गूगलवर एकमेकांना पाच तारे दिले, पहाटे पाचला उठून ध्येये लिहिली. गटातून अकरा नवी गिऱ्हाइके मिळाली. महिन्याची विक्री ६० हजारांवरून ७१ हजारांवर गेली, पण हातात पूर्वीपेक्षा कमी उरते. नऊ किराणा दुकानांकडे मिळून ८५ हजार रुपये अडकले आहेत. मी मसाल्याची मिरची कोठून आणते हे बैठकीत सांगितले, तर गटातल्याच एकाने तिथूनच मिरची आणून मसाला सुरू केला आणि पाकिटाचा रंगही माझ्यासारखाच ठेवला. गटात येणारे एक प्रशिक्षक म्हणतात की माझी मानसिकता लहान आहे, मी ३० हजारांचा अभ्यासक्रम करावा. यजमान म्हणतात, गट सोड. सोडू का? कल्पना सांगणे हीच चूक झाली का? आणि बोलायची पाळी आली की माझे हातपाय गार पडतात, त्याचे काय करू?
— एक गृहउद्योजिका, नागपूर

उत्तर : ताई, आपले चार पानी पत्र मी दोनदा वाचले. वर त्याचा सारांश दिला आहे, परंतु मूळ पत्रात चौदा कल्पनांची हकिगत साडेतीन पाने व्यापून आहे आणि व्यवसायाचा हिशेब शेवटच्या पानाच्या समासात, पेन्सिलीने, तीन आकड्यांत आटोपला आहे : सांडगी मिरचीचे २०० ग्रॅमचे पाकीट १२० रुपये, दुकानदाराला ९० रुपये, मजुरी, गॅस आणि पॅकिंग धरून खर्च ७५ रुपये. मला त्या साडेतीन पानांपेक्षा हा समास अधिक बोलका वाटला. आपल्या बहुतेक प्रश्नांची उत्तरे त्यातच आहेत, म्हणून प्रथम तेथूनच सुरुवात करतो.

घरून थेट विकलेल्या एका पाकिटामागे आपल्याला ४५ रुपये सुटतात आणि दुकानातून विकलेल्या पाकिटामागे १५ रुपये. आता ‘दोनवर एक मोफत’ पाहा. घरून ही योजना दिली की गिऱ्हाईक २४० रुपये देते आणि तीन पाकिटे नेते. तीन पाकिटांचा खर्च २२५ रुपये, म्हणजे आपल्या हाती १५ रुपये उरतात. एक पाकीट विकून ४५ मिळत होते, तेथे तीन पाकिटे विकून १५ मिळाले. पूर्वी एका पाकिटावर होत असलेली कमाई या योजनेत नऊ पाकिटे विकल्यावर होते, म्हणजे नऊपट मिरची चिरायची, भरायची, वाळवायची आणि पाकिटात घालायची. दुकानातून दिलेल्या योजनेची अवस्था याहून वाईट आहे. दुकानदाराने दोन पाकिटांचे १८० रुपये दिले असतील (दिले असतील तर!) आणि आपला खर्च २२५ झाला, म्हणजे प्रत्येक ‘खूश’ गिऱ्हाइकामागे ४५ रुपये आपण घरातून घातले. विक्री ७१ हजारांवर गेली आणि हात रिकामा राहिला यात गूढ काही नाही. शिवाय या ७५ रुपयांत आपल्या स्वतःच्या श्रमाचा एक पैसाही धरलेला नाही. तो धरावा. मदतीला येणाऱ्या बाईला जी मजुरी आपण देता, किमान तेवढी स्वतःच्या नावाने लिहावी, मग कोणता जिन्नस खरोखर नफ्यात आहे ते दिसेल. माझा अंदाज आहे की कुरडया नफ्यात नाहीत.

ही योजना सांगणाऱ्या सभासदाने आपल्याला फसवले असे मात्र मी म्हणणार नाही. आपण लिहिले आहे की त्यांचे तयार कपड्यांचे दुकान आहे. कपड्याच्या दुकानात हंगाम संपल्यावर उरलेला माल पुढच्या वर्षी निम्म्या किमतीलाही जात नाही, त्यामुळे तो दोनच्या भावात तीन असा का होईना, काढून टाकण्यात शहाणपण असते. आपली सांडगी मिरची नीट वाळलेली आणि नीट बंद केलेली असेल तर चार महिन्यांनीही त्याच किमतीला जाते. ज्याला माल पडून राहण्याची भीती आहे त्याचा उपाय, ज्याचा माल संपतो त्याने उचलला, एवढाच हा दोष आहे. गटातल्या इतर कल्पनांनाही हीच कसोटी लावून पाहा. सौर पॅनेल बसवून देणाऱ्याला वर्षात पन्नास कामे मिळाली तरी पुरतात. एका कामाची रक्कम मोठी असते आणि तेच गिऱ्हाईक पुन्हा येण्याची शक्यता जवळपास नसते, म्हणून त्याने ओळखीतून ओळख काढत सतत नवा माणूस शोधणे योग्यच आहे. आपला व्यवसाय अगदी उलट आहे. चार माणसांच्या घरात एक पाकीट साधारण दोन महिन्यांत संपते आणि मग तीच बाई पुन्हा घेते, किंवा घेत नाही. आपले सगळे यशापयश या ‘पुन्हा’वर अवलंबून आहे आणि त्याची नोंद आपल्याकडे कोठेही नाही.

मी इतवारीत सत्तावीस वर्षे किराणा मालाची एजन्सी चालवली. तेव्हा योजनांचा मोह काय असतो हे मला पुस्तकातून शिकावे लागलेले नाही. एका वर्षी पोळ्याच्या तोंडावर एका कंपनीच्या विक्री अधिकाऱ्याने शंभर खोक्यांवर वीस मोफत असे सांगितले आणि मी चारशे खोकी बिस्किटे उतरवून घेतली. त्या वर्षी पाऊस लांबला, गोदामाच्या भिंतींना ओल आली, बिस्किटे मऊ पडली आणि मोफतच्या ऐंशी खोक्यांसह सगळा माल मी पडेल भावात फुंकून टाकला. तो अधिकारी वाईट नव्हता. त्याला महिनाअखेरचा आकडा गाठायचा होता आणि माझ्याकडे माझा स्वतःचा आकडा नव्हता.

तर पहिले काम म्हणजे दोनशे पानी वही. एका बाजूस रोजचा जमाखर्च आणि दुसऱ्या बाजूस गिऱ्हाइकांची पाने : नाव, वस्ती, फोन, काय घेतले, केव्हा घेतले, पुन्हा केव्हा आले. संगणकावर किंवा फोनवर ठेवता आले तर उत्तमच, परंतु ते शिकून झाल्यावर सुरू करीन म्हणून थांबू नये. दोन महिन्यांनी या वहीत असे दिसेल की काही नावे परत आलेली नाहीत. त्यांना फोन करून ‘मिरची कशी होती?’ असे विचारावे, ‘अजून पाठवू का?’ असे विचारू नये. आपल्याकडची माणसे विचारल्यावर स्पष्ट बोलतात; ‘तिखट कमी होऊन राहिलं’ किंवा ‘तळली की काळी पडते’ असे एखादे वाक्य मिळाले तर ते कोणत्याही प्रशिक्षणवर्गापेक्षा मोलाचे आहे. व्हॉट्सॲपवर गिऱ्हाइकांना एकत्र निरोप पाठवण्याची सोय आपण वापरता, परंतु बहुतेकांपर्यंत निरोप पोहोचत नाही अशी तक्रार आपण लिहिली आहे. त्याचे कारण साधे आहे. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप फक्त त्यांनाच जातो ज्यांनी आपला क्रमांक स्वतःच्या फोनमध्ये साठवून ठेवला आहे, आणि एका यादीत २५६ पेक्षा अधिक नावे बसत नाहीत. म्हणून पाकीट हातात देतानाच, समोर उभे राहून, क्रमांक साठवून घ्यायला सांगावे. रील्सवर जो वेळ जातो त्यातला निम्मा या एका गोष्टीला दिला तरी फरक दिसेल.

वही भरू लागली की आणखी एक गोष्ट ध्यानात येईल, जिचा उल्लेख आपल्या पत्रात ओझरता आला आहे. आपण म्हणता की उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर आणि दिवाळीनंतर एकेक बाई पाच-सहा पाकिटे एकदम नेते. ही पाकिटे घरात खाण्यासाठी नाहीत, ती पुण्याला, हैदराबादला, बंगळुरूला नोकरीसाठी गेलेल्या मुलांच्या बॅगेत जाणार आहेत. खाणारा बाहेरगावी आणि विकत घेणारी नागपुरात, असे हे गिऱ्हाईक आहे. तिला ‘दोनवर एक’ नको आहे, तिला बॅगेत कपड्यांना तेलाचा आणि मसाल्याचा वास लागणार नाही असे पाकीट हवे आहे. जाड, दुहेरी सीलचे पाकीट आणि सहा पाकिटे नीट बसतील असा पुठ्ठ्याचा लहान डबा यासाठी पाकिटामागे पाच रुपये खर्च वाढला आणि आपण किंमत १३० केली, तरी ही बाई कुरकुर करणार नाही असे माझे मत आहे. घरून विकलेल्या पाकिटामागे मग ५० रुपये सुटतील. चौदा कल्पनांत ही कल्पना नव्हती, कारण ती गटात कोणाला सुचणे शक्यच नव्हते. ती आपल्याच दारात उभी होती.

गटात आपल्याला लिज्जत पापडाची गोष्ट दोनदा ऐकवली गेली असे आपण लिहिले आहे, ते वाचून हसू आले. कोणतेही उद्योजकता शिबिर त्या गोष्टीशिवाय पार पडत नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपयांच्या उसन्या भांडवलावर पापड लाटायला सुरुवात केली आणि पहिल्या दिवशी चार पाकिटे झाली, इतके सगळे सांगतात. पुढचा भाग सांगायला वेळ उरत नसावा. त्या बायकांनी सुरुवातीस दोन प्रतींचे पापड केले होते, एक चांगला आणि एक स्वस्तात विकण्यासाठी हलका. त्यांना पैसे देणारे छगनलाल करमसी पारेख यांनी त्यांना दोन गोष्टी बजावल्या : एकच, चांगल्या प्रतीचा पापड करा आणि हिशेब चोख ठेवा. आपण कोणाच्या तरी सांगण्यावरून दुसऱ्या प्रतीचे स्वस्त पाकीट काढले आहे. ते आजच बंद करावे. नंदनवनातल्या बाईने ते एकदा नेले तर ती शेजारणीला ‘स्वस्तातली घेतली होती’ असे सांगणार नाही, ‘त्यांच्याकडची घेतली होती’ असेच सांगेल.

त्याच गोष्टीतला आणखी एक तुकडा आपल्या कामाचा आहे. पहिल्या वर्षी पावसाचे चार महिने त्यांचे काम बंद पडले, कारण पापड वाळत नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला, खाटेवर पापड पसरले आणि खाली स्टोव्ह पेटवला. आपल्या नागपूरचे ऊन मे महिन्यात पंचेचाळीस अंशांच्या पुढे जाते आणि ते वाळवणवाल्यांसाठी फुकटचे भट्टीघरच असते, परंतु जूनच्या मध्यानंतर तेच आकाश आपला व्यवसाय बंद करते. आपल्याला खाट-स्टोव्ह नको, वीज किंवा सौर उष्णतेवर चालणारे वाळवणयंत्र मिळते. मात्र ते घेण्यापूर्वी पावसाळ्यात किती पाकिटांची मागणी परत पाठवावी लागली हे एक पावसाळा वहीत लिहून पाहावे आणि मगच ठरवावे.

येथे उधारीचा विषय येतो आणि माझ्या मते आपल्या पत्रातला सर्वांत गंभीर भाग हाच आहे. पत्राच्या मध्यावर एका ओळीत तो येऊन जातो आणि लगेच रील्सचे वर्णन सुरू होते. आपला माल वर्षभर विकला जातो, पण तो तयार होतो जेमतेम तीन महिन्यांत. मिरची, उडीद, गहू हे सगळे त्या तीन महिन्यांत रोखीने घ्यावे लागते. म्हणजे आपल्याला पैशांची खरी गरज मार्च ते मे या काळात असते आणि नेमके तेव्हाच ८५ हजार रुपये नऊ दुकानदारांच्या गल्ल्यात असतात. गेल्या उन्हाळ्यात मिरची घेण्यासाठी आपण नणंदेकडून ४० हजार उसने घेतले असे लिहिले आहे. स्वतःचे ८५ हजार बाहेर आणि दुसऱ्याचे ४० हजार घरात, असा हा प्रकार झाला. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंतचे कर्ज तारणाशिवाय मिळते आणि गटातल्या कोणी तरी ते सुचवलेही आहे, परंतु उधारीची गळती चालू असताना त्यात कर्जाचे पाणी ओतण्याचा सल्ला मी देणार नाही.

कायदा आपल्या बाजूचा आहे. आपण स्वतः माल तयार करता, त्यामुळे उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची शासकीय नोंदणी, करावी. ही नोंदणी शासनाच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते, तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या मध्यस्थांना दारातूनच परत पाठवावे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार, नोंदणी असलेल्या सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचा माल स्वीकारणाऱ्याने लेखी करारात ठरलेल्या मुदतीत पैसे द्यावे लागतात आणि ही मुदत ४५ दिवसांपेक्षा अधिक असू शकत नाही. असा करार नसेल तर मुदत १५ दिवसांचीच असते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागू होते आणि तक्रार शासनाच्या संकेतस्थळावर करता येते. एवढे असले तरी कोपऱ्यावरच्या किराणावाल्यावर सहा हजारांसाठी तक्रार दाखल करा असे मी सुचवत नाही. त्याला रोज तोंड दाखवायचे आहे. कायद्याचा उपयोग बिलावरच्या एका छापील ओळीपुरता करावा : ‘उद्यम नोंदणी क्रमांक अमुक, देयक मुदत १५ दिवस.’ तोंडी वायदा ‘पुढच्या आठवड्यात या’ असा विरत जातो, छापील तारखेसमोर तसे बोलणे माणसाला जड जाते. जुन्या उधारीपैकी निम्मी रक्कम येईपर्यंत त्या दुकानाला नवा माल देऊ नये. नऊपैकी चार-पाच दुकाने यामुळे सुटतील. सुटू द्यावीत. पंधरा रुपयांच्या नफ्यासाठी नव्वद रुपये तीन महिने दुसऱ्याच्या गल्ल्यात ठेवणे हा व्यापार नव्हे, तो दुकानदाराला दिलेला बिनव्याजी हातउसना आहे.

आता चोरीबद्दल. आपले मन दुखावले आहे ते मी समजू शकतो आणि ज्याने बैठकीत ऐकून आठ दिवसांत तोच माल सुरू केला त्याच्या वागण्याला मी चांगले म्हणणार नाही. तरीही भिवापूरकडून मसाल्याची मिरची येते ही गोष्ट विदर्भात कोणाचे गुपित नाही. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, तिचे नाव सर्वांना ठाऊक आहे. आपण ते सांगितले नसते तरी त्यांना ते कळमन्याच्या बाजारात अर्ध्या तासात कळले असते. पाककृतीलाही कायद्याने कुलूप लावता येत नाही, ती आपल्या हातात आणि तोंडातच सुरक्षित असते. कुलूप लावता येते ते नावाला आणि चिन्हाला. आपल्या पाकिटावरचे नाव सहा वर्षांत वस्तीत रुजले आहे, त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करावी. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जासाठी मालाच्या एका वर्गामागे ४,५०० रुपये शासकीय शुल्क पडते, मसाले आणि पापड ३० व्या वर्गात येतात आणि नोंदणी १० वर्षे टिकते, पुढे नूतनीकरण करता येते. वर्गणीच्या १२ हजारांपेक्षा आणि अभ्यासक्रमाच्या ३० हजारांपेक्षा हे साडेचार हजार मला अधिक उपयोगी वाटतात. पाकिटाच्या रंगावरून भांडू नये. नवे लेबल छापालच तेव्हा त्यावर अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, आपले नाव व पत्ता, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना व वर्ष आणि सर्व करांसह किंमत या गोष्टी आहेत की नाहीत ते पाहावे. आपण पाठवलेल्या नमुन्यावर सूर्यफूल सुंदर आहे, पण महिना-वर्ष नाही.

मग गटात काय सांगावे आणि काय सांगू नये, हा आपला खरा प्रश्न उरतो. माझी स्वतःची पद्धत सांगतो. इतवारीत आम्ही सात-आठ व्यापारी दुपारच्या चहाला एकत्र बसत असू. तिथे कोणता ट्रकवाला वेळेवर माल पोहोचवतो, कोणता छापखाना शाई पुसट लावतो, कोणती योजना अंगाशी आली, कोणत्या महिन्यात विक्री का पडली, हे सगळे उघड बोलले जाई. कोणाकडून कोणत्या भावाने घेतले आणि कोणत्या गिऱ्हाइकाला किती दिले हे कोणी विचारत नसे आणि कोणी सांगत नसे. आपणही मसाल्याचे प्रमाण, खरेदीचा भाव आणि ती नवी वही एवढे घरात ठेवावे, बाकी सढळ हाताने सांगावे. विशेषतः फसलेल्या गोष्टी सांगाव्यात. आपल्या गटात दर बुधवारी चाळीस जण चाळीस यशोगाथा सांगतात आणि त्यामुळेच तेथून कामाचे काही हाती लागत नाही. माणूस यश सांगताना त्यातला हिशेब गाळतो, नुकसान सांगताना मात्र पैशापैशाने सांगतो. पाच ताऱ्यांची देवाणघेवाण त्वरित थांबवावी. न घेतलेल्या मालाची स्तुती लिहिणे ही ग्राहकाची दिशाभूल आहे आणि ग्राहक संरक्षणाच्या कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींना थारा नाही. शिवाय त्यात आपलाच तोटा आहे, कारण चाळीस खोट्या कौतुकांत एखादी खरी तक्रार बुडून जाते.

वर्गणीचाही हिशेब करून टाकू. अकरा गिऱ्हाइकांनी प्रत्येकी दोन महिन्यांतून एक पाकीट घेतले असे धरले तर वर्षाची सहासष्ट पाकिटे होतात आणि ४५ रुपयांप्रमाणे २,९७० रुपये सुटतात. म्हणजे १२ हजारांपैकी नऊ हजारांच्या वर रक्कम आपण शिकण्यासाठी मोजली आहे. शिकणे झाले असेल तर ती महाग नाही. यजमान म्हणतात म्हणून लगेच सोडावे असे मला वाटत नाही. वर्गणी भरलेली आहे, दोन महिने उरले आहेत. या दोन महिन्यांत चाळिसांपैकी असे चार-पाच जण हेरावेत ज्यांचे गिऱ्हाईक आपल्यासारखेच पुन्हा पुन्हा येणारे आहे. आपल्या पत्रात ज्यांचा उल्लेख आहे त्या बेकरीवाल्या ताई, घाण्याचे तेल विकणारे गृहस्थ आणि ब्लाउज शिवणाऱ्या बाई हे तिघे मला तसे वाटतात. त्यांच्याबरोबर महिन्यातून एकदा, आपापली वही घेऊन, कोणाच्या तरी घरी बसावे. प्रत्येकाने गेल्या महिन्यात करून पाहिलेली एकच गोष्ट सांगावी, तिला काय खर्च आला आणि काय मिळाले एवढेच. असे पाच जणांचे मंडळ जमले तर नूतनीकरण करू नये आणि तसे करताना कोणावर रागही धरू नये. कर्ज, नोंदणी, शासकीय योजना यांची माहिती हवी असेल तर जिल्हा उद्योग केंद्रात आणि सेमिनरी हिल्सवरील केंद्र शासनाच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या (एमएसएमई) कार्यालयात विचारावे, तेथे ती वर्गणीशिवाय मिळते.

अभ्यासक्रमाबद्दल फार लिहीत नाही. तीस हजार रुपये म्हणजे घरून विकलेल्या ६६७ पाकिटांचा नफा. पहाटे पाचला उठण्याचा उपदेश तर मला विशेष आवडला. मे महिन्यात गच्चीवर वाळवण घालणारी नागपूरची बाई पाचला उठलेली नसते असे त्या प्रशिक्षकांना वाटत असेल तर त्यांनी एकदा नंदनवनात येऊन पाहावे. सहा वर्षे घर सांभाळून दोन बायांना काम देणाऱ्या माणसाची मानसिकता लहान आहे हे मी मान्य करणार नाही. आपल्याला एक गोष्ट मात्र शिकायची आहे आणि ती म्हणजे ‘नाही’ म्हणणे : उधार मागणाऱ्या दुकानदाराला, किंमत पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाला आणि पंधराव्या कल्पनेला. त्यासाठी वर्ग नाही, पण सराव करता येतो. सर्वांत कमी उधारी असलेल्या दुकानापासून सुरुवात करावी.

राहिला हातपाय गार पडण्याचा प्रश्न. ते बहुधा आपण न्यून असल्यामुळे होत नसावे. त्या एका मिनिटात इतरांसारखे काही तरी भव्य बोलायचे आहे असे ठरवल्यामुळे होत असावे. भव्य बोलू नये. पुढच्या बुधवारी कागद हातात धरून खालील मजकूर वाचावा, आपल्या आकड्यांप्रमाणे हवा तर बदलून घ्यावा :

‘नमस्कार. मी नंदनवनात सांडगी मिरची आणि सावजी मसाला तयार करते. बाहेरगावी नोकरीला असलेल्या मुलांना पाठवण्यासाठी नागपूरच्या आया माझ्याकडून पाकिटे घेतात. आपल्यापैकी ज्यांची मुले पुण्याला किंवा बंगळुरूला आहेत त्यांनी मला पाकीट कसे असावे ते सांगावे, मी ते बदलते आहे. मला खामला किंवा मनीषनगर भागात पंधरा दिवसांत पैसे देणारे एक दुकान हवे आहे, एकच. आणि मी दोनवर एक मोफत ही योजना दिली होती. तीन पाकिटांवर मला पंधरा रुपये उरले आणि दुकानातून दिली तेव्हा पंचेचाळीस रुपये गेले. ज्यांनी अशी योजना दिली असेल त्यांना हिशेब दाखवायला मी वही आणली आहे.’

मी घड्याळ लावून वाचून पाहिले, सावकाश वाचले तरी पन्नास सेकंद होतात. उरलेल्या दहा सेकंदांत खाली बसावे.